अन्य सोयीस्कर जागी

पत्र लिहिणं हा माझा हातखंडा. ही बढाई नाही, नोकरीच तशी होती. एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात मी तेहतीस वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी लोकांना 'नाही' कसं म्हणायचं याचे मसुदे करण्यात गेली. नुसतं 'नाही' लिहिलं की माणूस भांडायला येतो. 'आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला, तथापि' असं लिहिलं की तो वाचता वाचता थकतो आणि घरी बसतो. आमचे साहेब म्हणायचे, बाईंनी नकार दिला तर लोक आभाराचं पत्र पाठवतात. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

लिहिण्याची खोड मात्र त्याआधीची, वडिलांकडून आलेली. आम्ही कसबा पेठेतले. गल्लीतला दिवा गेला, गटाराचं झाकण सरकलं, की वडील पोस्टकार्ड काढून बसत. 'आपल्या खात्याच्या कृपेने आमच्या गल्लीत गेले आठ दिवस अमावास्या चालू आहे, ती संपण्याचा मुहूर्त कळवावा.' कार्ड पेटीत पडण्याआधी शेजारचे दोघेतिघे येऊन वाचून जात आणि खूश होत. मग दिवाही लागायचा. दिवा कार्डामुळे लागला की त्याची पाळी आली म्हणून लागला, हे आम्ही कधी तपासलं नाही. महापालिकेला जाब विचारायचा असतो आणि तो झोंबेल अशा शब्दांत विचारायचा असतो, एवढं मात्र माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही वारज्यात फ्लॅट घेतला. पहिला मजला, झोपायच्या खोलीची खिडकी रस्त्यावर. निवृत्त झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी हे गेले, आणि माझ्याकडे वेळच वेळ उरला. मी क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीला जायला लागले. महिन्यातून एकदा असते. नागरिकांनी यावं, प्रश्न मांडावेत, अधिकाऱ्यांनी उत्तरं द्यावीत, अशी कल्पना. येतात बहुतेक माझ्यासारखेच, पेन्शन सुरू झालेले आणि घरात ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही असे. चहा बरा असतो.

तिथे माझं नाव झालं. रस्त्याच्या कामाची मुदत संपून गेली तेव्हा मी खड्ड्याच्या वाढदिवसाचं निमंत्रण तयार करून अधिकाऱ्यांच्या हातात दिलं होतं. सगळी खोली हसली. एक कनिष्ठ अभियंता होते, चाळिशीतले, कायम हातात फाईल आणि कपाळावर घाम. तेही हसले, मग मान खाली घालून त्यांनी टिपण केलं. खड्डा बुजला. त्या काळात आमच्या शहराला नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार चालू होता, त्यामुळे जे काही बोलायचं ते या अभियंत्यांनाच. मला वाटायचं, आपल्यासारखी चार माणसं दर महिन्याला येऊन बसली तर शहर सुधारेल. अजूनही थोडंसं वाटतं.

आमच्या इमारतीपासून तीस पावलांवर, बागेच्या कोपऱ्याशी, भाजीवाल्या बसतात. त्यातल्या एकीकडून मी वीस वर्षं भाजी घेत आले. ती माझ्याच वयाची, कदाचित दोनेक वर्षांनी लहान. तरी सगळे म्हणतात म्हणून मीही तिला मावशी म्हणायची, आणि ती मला ताई. खडकवासल्याच्या बाजूचं गाव तिचं. अलीकडेच ते शहरात आलं, म्हणजे कागदावर आलं. ती मात्र आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासून त्या कोपऱ्यावर बसतेय. भाजी निवडायला बसलं की ती आपल्या हातानं जुड्या उलगडून दाखवायची आणि निघताना पिशवीत कढीपत्ता टाकायची. तो तिच्या दारातल्या झाडाचा असे.

एके दिवशी गवार तोलता तोलता तिनं विचारलं, "ताई, तुमी त्या हापिसात मिटिंगला जाता न्हवं?"

"जाते की."

"मंग आमच्या बायकांचं एक काम करा. जायाला जागा न्हाई हितं कुठं."

मला आधी कळलंच नाही कुठे जायची जागा. मग कळलं. ती सांगत गेली. पहाटे पाचला घर सोडायचं, मार्केट यार्डातून माल उचलायचा, आठला इथे पाटी मांडायची, ते चार वाजेपर्यंत. "पानी पीतच न्हाई मी. बीपीची गोळी असती, तिला एक घोट. त्यो बी बारका."

"मग इतकी वर्षं काय करत होता?"

"तुमची बिल्डिंग बांधत व्हते तवर काय अडचन न्हवती. मागनं पत्रे लावल्याले असायचे. मंग तुमी ऱ्हायला आला. मंग पल्याडची बांधाय घेतली, तिथं जायाचो. आता समद्या बांधून झाल्या."

तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून तिनं सांगितलं. मला मात्र शरमल्यासारखं झालं. वीस वर्षं मी या बाईशी मेथीच्या भावावरून घासाघीस करत होते आणि ती दिवसभर कोरडी बसते हे मला माहीत नव्हतं. माझं घर तीस पावलांवर. घरात दोन बाथरूम, एकटी मी. मावशी, माझ्याकडे येत जा, असं तेव्हा म्हणता आलं असतं. मला ते सुचलं नाही. मला अर्ज सुचला.

आपल्या भागात पुढच्या वर्षी कोणतं काम व्हावं, हे नागरिकांनी सुचवायचा एक फॉर्म असतो. अंदाजपत्रक ठरायच्या आधी तो भरून द्यायचा. बहुतेक लोक भरत नाहीत आणि मग वर्षभर बोटं मोडतात. मी दोन दिवस खपून तो भरला. काम काय, कुठे, का, किती जणींना उपयोग होईल. कोपऱ्यावरच्या नऊ जणींच्या सह्या घेतल्या. मावशीनं जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर जोडत सही केली. चौथीपर्यंत शिकलेली होती. पुढच्या बैठकीला मी तिला बरोबरही घेऊन गेले. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. उठून उभी राहिली आणि मला सांगितलं होतं तेच तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, घोटासकट. त्या दिवशी कुणी हसलं नाही. अभियंत्यांनी सगळं लिहून घेतलं.

काम मंजूर झालं. मी धावतच कोपऱ्यावर गेले. तिनं कढीपत्त्याची अख्खी फांदीच माझ्या पिशवीत खोचली. सांगायला हरकत नाही, इतका आनंद मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर खाली दोन माणसं टेप घेऊन काहीतरी मोजत होती. आमच्या इमारतीच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून त्यांनी फक्कीनं एक चौकोन आखला. माझ्या खिडकीच्या बरोबर खाली.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर रणधुमाळी माजली आणि रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. वास येईल, डास होतील, रात्री कोण कोण येऊन उभं राहील, फ्लॅटची किंमत पडेल. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "हे आपणच आणलंय ना? आपल्याच खिडकीखाली आलं, बरं झालं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. होय, मीच आणलं आणि ते माझ्या खिडकीखाली होऊ द्या, एवढं वाक्य बोलायचं होतं. खिडकी माझी होती. मी परवानगी दिली असती तर बाकीच्यांची तोंडं निम्मी तरी बंद झाली असती. पण खरं सांगायचं तर मलाही ते तिथे नको होतं. रात्री कूस बदलली की तो चौकोन डोळ्यांसमोर यायचा. मी म्हणाले, "विरोध करायचा नाही. विरोध केला की आपण वाईट दिसतो. फक्त जागा थोडी बदलून मागू."

सभेचा जीव भांड्यात पडला. मसुदा अर्थातच माझ्याकडे आला आणि तासाभरात मी तो लिहून काढला. अजून तोंडपाठ आहे. 'महिलांसाठी स्वच्छतागृह ही अत्यावश्यक सोय असून तीस आमचा तत्त्वतः संपूर्ण पाठिंबा आहे. तथापि नियोजित जागा आमच्या इमारतीच्या पूर्वेकडील भिंतीस लागून असल्याने, रहिवाशांच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा विचार करून, सदर स्वच्छतागृह जवळपासच्या अन्य सोयीस्कर जागी करण्यात यावे. नागरिकांची सोय पाहताना नागरिकांचीच गैरसोय होऊ नये, एवढीच माफक अपेक्षा.'

लोकांनी वाहवा केली. 'माफक अपेक्षा' तर विशेष आवडली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मानलं बुवा आपल्याला." फक्कीचा चौकोन पुढच्या आठवड्यात पायांनी पुसून गेला. माझी समजूत अशी की काम वीस-पंचवीस पावलं सरकलं, फार तर समोरच्या बाजूला गेलं. मावशीला मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

थोड्या दिवसांनी समोरच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. "तुमचं ते पत्र फार छान होतं म्हणे. मसुदा पाठवता का?" मी पाठवला. वर सूचनाही लिहिली, नाव-पत्ता बदलून घ्यावा. मग आणखी एकांनी मागितला. मग पलीकडच्या दुकानांच्या इमारतीतून मागणी आली. मी पाठवत गेले. कशासाठी हवाय, हे एकालाही विचारलं नाही. आपली भाषा लोकांना आवडतेय, नमुना म्हणून ठेवत असतील, असं मी मनाशी म्हणायची. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि ते उत्तर मला नको होतं, म्हणून विचारलं नाही, असंही असेल. आता नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी दर बैठकीत विचारत होते. स्वच्छतागृहाचं काय झालं? अभियंता म्हणायचे, "जागेचा प्रश्न आहे, मॅडम." एकदा मी विचारलं, "जागा चंद्रावर बघताय का? तिथे खड्डे तयार मिळतील." खोली हसली. दुसऱ्यांदा मी त्यांना भिंग भेट देण्याची तयारी दाखवली, जागा सापडायला मदत होईल म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाईल बंद केली. मला वाटलं, लागलं त्यांना. लागावं असंच मला वाटत होतं.

मावशी कधी विचारायची, "ताई, कुठवर आलं?" मी सांगायची, जागा बघतायत. ती म्हणायची, "तुमी हाय न्हवं, व्हईल." दोन वर्षांत हे बोलणं पाच-सहा वेळा तरी झालं असेल. प्रत्येक वेळी कढीपत्ता मिळाला.

मग एक दिवस तिची जागा रिकामी दिसली. आठवडा गेला, दोन गेले. शेजारी पेरू घेऊन बसणारी म्हणाली, "दवाखान्यात हाय ती. लघवीचं दुखनं. वरपर्यंत चढलं म्हनं." दोन महिन्यांनी मावशी परत आली ती निम्मी होऊन. मनगटं इतकी बारीक झालेली की बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. पाटीशेजारी पाण्याची मोठी बाटली होती. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, दिवसाला अशा तीन बाटल्या संपल्याच पाहिजेत.

मी दुपारी एकला पुन्हा मुद्दाम तिकडून गेले. उन्हाचा कडाका होता. बाटली बुचापर्यंत तशीच भरलेली होती. मी म्हटलं, "मावशी, पाणी प्या हो." ती म्हणाली, "पिते की. घरी गेल्यावर पिते."

माझं डोकं फिरलं. कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे या बाईनं मरायचं का? याला जबाबदार कोण ते मी शोधून काढणार, त्याचं नाव बैठकीत उभं राहून वाचणार, असं ठरवूनच मी घरी आले. क्षेत्रीय कार्यालयात ठरलेल्या दुपारी नागरिकांना फायली बघायला मिळतात. त्या दिवशी मी वही, पेन, चष्म्याची दोन्ही घरं घेऊन गेले. वडिलांची आठवण झाली होती आणि पहिलं वाक्य रिक्षातच जुळलं होतं.

फाईल अभियंत्यांनीच काढून दिली. टेबलापाशी स्टूल ओढलं आणि पंखा माझ्याकडे वळवला. मी सुरुवातीपासून उलटायला घेतली. माझा फॉर्म, नऊ सह्या, मंजुरी, जागेचा नकाशा. मग आमच्या सोसायटीचं पत्र. ते मला ठाऊकच होतं. त्याखाली शेरा, 'अन्य जागा शोधावी.' पुढे समोरच्या सोसायटीच्या भिंतीचा नकाशा आणि त्यामागे त्यांचं पत्र. तत्त्वतः संपूर्ण पाठिंबा. तथापि. अन्य सोयीस्कर जागी. माफक अपेक्षा.

पुढची जागा, पुढचं पत्र. पुन्हा तेच. दुकानांच्या इमारतीत संध्याकाळनंतर चिटपाखरू नसतं, त्यांनीही रहिवाशांच्या आरोग्याचा विचार केला होता. एका सोसायटीनं तर घाईत 'पूर्वेकडील भिंत' तशीच ठेवली होती. त्यांची भिंत पश्चिमेला आहे, मी रोज फिरायला जाताना बघते. सगळी मिळून सात पत्रं निघाली. सातही माझी. सातही ठिकाणी कुणीतरी 'अन्य सोयीस्कर जागी' या शब्दांखाली पेन्सिलनं बारीक रेघ मारली होती. शेवटच्या कागदावर लिहिलं होतं की योग्य जागा उपलब्ध होत नसल्याने तरतूद दुसऱ्या कामाकडे वर्ग करण्यात यावी. दुसरं काम म्हणजे बागेतली बाकं. ती बसवली तेव्हा कार्यालयाला आभाराचं पत्र मीच पाठवलं होतं. रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर मी त्याच बाकांवर बसून शहराचं काही खरं नाही म्हणून हळहळत होते.

मी वही उघडलीच नाही. अभियंत्यांना म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

ते खरोखर गोंधळले. "मॅडम, आपण दर महिन्याला विचारायचात. मला वाटायचं, आपल्याला माहीत आहे आणि आपण मुद्दाम बोलताय. आपलं बोलणं तसंच असतं ना. ते चंद्राचं, भिंगाचं... मला वाटलं, मी जागा शोधू शकत नाही यावर आपण मजा घेताय. काय उत्तर देणार?"

त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. आपल्या टोमण्यांचा मला केवढा अभिमान होता. समोरच्या माणसाला साधा प्रश्न आणि टोमणा यातला फरक कळू नये, इतकं मी त्याला बोलून ठेवलं होतं. सरळ विचारलं असतं, अहो, नक्की अडलंय कुठे, तर पहिल्याच वर्षी त्यांनी फाईल पुढ्यात टाकली असती. मी चहा न घेता उठले. येताना रिक्षा केली नाही. त्या रस्त्यानं चालत आले आणि सातही भिंती ओळीनं बघितल्या.

त्यानंतर मी जे केलं ते सगळं उशिरा केलं. सोसायटीच्या अध्यक्षांना म्हटलं, आपलं पत्र मागे घेऊ. ते म्हणाले, "सभेचा ठराव आहे तो. आणि आता कशाला उकरून काढताय?" तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "तत्त्वतः आमचा पाठिंबा आहे." ते वाक्य त्यांना माझ्याकडूनच मिळालेलं. बाकीच्या सहा ठिकाणी जाऊन आले. चहा सगळ्यांनी दिला, सही कुणी केली नाही. मी एकटीच्या सहीनं लिहून दिलं की माझ्या खिडकीखाली करा, माझी हरकत नाही. अभियंत्यांनी ते घेतलं, पोचही दिली आणि हळूच सांगितलं की तरतूदच राहिली नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरावा लागेल. ज्यांना सोय हवी त्यांच्या सह्या लागतील.

म्हणजे कोपऱ्यावर जाणं आलं. चार दिवस मी दुसरीकडून भाजी आणली. पाचव्या दिवशी फॉर्म पिशवीत घालून गेले. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मावशीनं कागद बघितला आणि म्हणाली, "परत कशापायी, ताई? मागल्या बाराला केल्या की समद्यांनी."

खोटं बोलायला जागा होती. कागद हरवला, नियम बदलले, साहेब बदलले, काहीही म्हणता आलं असतं आणि तिनं ते मानलंही असतं. मी पाटीसमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. चौकोन माझ्या खिडकीखाली आखला होता. नको म्हणून पत्र मी लिहिलं. तेच पत्र पुढच्या सगळ्यांनी वापरलं, तेही मीच दिलं. एरवी माझी वाक्यं कशी गोळीबंद असतात, त्या दिवशी एकही धड जमलं नाही. शेवटी म्हटलं, "माझ्यामुळे झालं नाही ते, मावशी. चुकले मी."

ती भेंडीवर पाणी शिंपडत होती. हात थांबला नाही.

"म्हंजी त्ये तुमी लिवलं व्हतं."

"हो."

"मला वाटलं, सायबांनीच केलं न्हाई."

मी म्हटलं, "हे व्हायला वेळ लागेल. तोवर माझ्याकडे येत जा. रोज या, केव्हाही या. घर काय, इथेच आहे."

तिनं आमच्या इमारतीकडे पाहिलं, पहिल्या मजल्याच्या खिडकीकडेही पाहिलं. मग म्हणाली, "तवा म्हनला असता तर आले असते."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. एक बाई गाडी थांबवून उतरली, अर्धा किलो टोमॅटो घेऊन गेली. मावशीनं हात पदराला पुसले आणि फॉर्मसाठी हात पुढे केला. "सही कुठं करू, मॅडम?"

मी जागा दाखवली. तिनं पूर्वीसारखीच, एकेक अक्षर जोडत सही केली आणि पेन माझ्या हातात परत दिलं. बाटली आमच्या दोघींच्या मध्येच होती, बुचापर्यंत भरलेली. माझी नजर तिकडे गेलेली तिला दिसली. तिनं बाटली उचलली आणि मला दिसणार नाही अशी पाटीच्या मागे ठेवून दिली.